आधी मासे घेऊ

"आलात? बरं झालं. मला वाटलं, रस्ता चुकलात की काय. आधी मासे घेऊ, मग घरी जाऊ."

दुकानाच्या पायरीवरच तो माणूस मला असं म्हणाला, आणि एक पाय पायरीवर, एक रस्त्यावर अशी मी तशीच उभी राहिले. घरी? पहिल्याच भेटीत? मी त्याच्याकडे नीट पाहिलं. आकाशी शर्ट, जाड काड्यांचा चष्मा. मामांनी सांगितलेल्या खुणा तर बरोबर होत्या. वय मात्र सांगितल्यापेक्षा थोडं जास्त वाटत होतं, पण स्थळ आणणारे वय कमीच करून सांगतात, त्यात नवीन काही नव्हतं.

मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. सांगलीत दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका लॅबमध्ये काम करत होते. माझी आई मी सहा वर्षांची असताना गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं, मला सांगलीला मामांच्या घरी ठेवलं आणि ते कराडला निघून गेले. ते काही परत आले नाहीत. मामा-मामींनी मला त्यांच्या दोन मुलांबरोबर वाढवलं. लग्नाचं वय झाल्यावर स्थळं यायची, मुलगी पसंत पडायची, आणि मग "मुलीचे वडील काय करतात?" इथे येऊन सगळं थांबायचं. पोह्यांच्या बशा भरून मामी दमली होती आणि त्या उचलून मीही.

म्हणून या वेळी मुलाकडूनच निरोप आला की घरी कार्यक्रम नको, मिरजेत भेटू, तेव्हा मला हायसं वाटलं होतं. मुलाला मासे पाळायचा नाद होता. मिरजेला मार्केटच्या मागे मुलाणीभाभींचं रंगीत माशांचं दुकान आहे, रविवारी सकाळी तिथे या, मासे बघता बघता बोलणं होईल, असं ठरलं. मामीला हे अजिबात आवडलं नव्हतं. "माशाच्या दुकानात कुणी मुलगी बघतं का?" असं म्हणून तिनं माझ्यासमोर जांभळी रेशमी साडी ठेवली होती. मी मुद्दाम साधी सुती साडी नेसले, खांद्याला रोजची पिशवी अडकवली आणि बस पकडून आले.

"या ना आत," तो म्हणाला. "घर इथून पलीकडच्या बोळातच आहे. पण तुम्हाला सापडणार नाही म्हणून मीच इथे थांबलो. टाकी आठवड्यापूर्वीच भरून ठेवलीय. पाणी मुरलंय. मासेच तेवढे राहिलेत. म्हटलं, तुम्ही येताय तर तुम्हालाच विचारू."

"मला माशांतलं काही कळत नाही," मी म्हणाले.

"माशांतलं नका सांगू. आवडेल काय, ते सांगा. ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळणार."

हे ऐकून मला थोडी लाजही वाटली आणि थोडी गंमतही. माझ्या आवडीचे मासे हा माणूस आपल्या घरच्या टाकीत सोडायला निघाला होता. अजून मला त्याचा आवाजही ओळखीचा नव्हता.

दुकान म्हणजे एक लांबट खोली होती. दोन्ही बाजूंना टाक्या रचलेल्या, प्रत्येकीत दिवा, आणि सगळीकडे बुडबुड्यांचा आवाज. मुलाणीभाभी स्टुलावर बसल्या होत्या. जाडजूड बाई, हातात छोटी जाळी. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"ह्याच का त्या?" त्यांनी त्याला विचारलं.

"ह्याच."

"मग नीट बघून घ्या हो," भाभी मला म्हणाल्या. "माणूस लाखात एक आहे. मी ह्यांना लहानपणापासून ओळखते. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. माझं नाव सांगून खुशाल लिहा."

काय लिहायचं ते मला कळलं नाही. पण शिफारस मनापासूनची होती. मी मान हलवली.

तो एका टाकीपुढे जाऊन उभा राहिला होता. आत एकच मासा होता, गर्द निळा, शेपटी रेशमी झालरीसारखी.

"हा केवढा देखणा आहे," तो म्हणाला.

"फायटर आहे तो," भाभी म्हणाल्या. "एकटा ठेवायचा असला तर न्या. घरातली टाकी रंगीबेरंगी पाहिजे म्हणालात ना? मग हा नको. गप्पीची शेपटी दिसली की हा तिच्यावर जाणार. आणि दोन फायटर तर कधीच एकत्र नाहीत."

"नको नको. मारामारी नको घरात." तो एकदम मागे सरला. "शांत असतील तेच द्या. एकमेकांना सांभाळून घेतील असे."

"गोल्डफिश?" मी विचारलं. मला तेवढंच नाव माहीत होतं.

"त्याला गार पाणी लागतं, ह्या बाकीच्यांना कोमट," भाभी म्हणाल्या. "आणि खातो फार, घाणही फार करतो. ह्यांच्यात त्याला नका मिसळू."

त्यानं मला विचारलं, "लाल आवडेल की निळा?"

"लाल," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की म्हणजे... मला तरी लाल."

"मग लाल," तो म्हणाला, आणि जणू एखादं मोठं काम मार्गी लागल्यासारखा त्यानं श्वास सोडला. भाभींनी लाल प्लॅटी दाखवले. बोटाच्या पेराएवढे, गुबगुबीत. मग काळ्या मॉली. मग गप्पी, ज्यांच्या शेपट्यांवर कुणी रंगाचे शिंतोडे उडवल्यासारखे ठिपके होते. एका टाकीत निळ्या-लाल रेघांचे निऑन टेट्रा थवा करून फिरत होते. मी त्यांच्यापुढे थांबले.

"हे घेऊ या?"

"सुंदर आहेत," तो म्हणाला. "भाभी, टिकतील ना?"

"खरं सांगू? इथलं पाणी जड. मॉली, प्लॅटी, गप्पी त्यात खूश. निऑन नाजूक. दोन-चार जातील सुरुवातीला."

"मग नको." त्याचा आवाज बदलला. "मरणारं काही नको. नवीन माणूस घरात आल्याआल्या काही मेलेलं दिसायला नको."

नवीन माणूस म्हणजे मी. माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. हा माणूस तर होकार गृहीत धरून बसला होता. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. तो बोलत होता त्यात कुठेही तोरा नव्हता. उलट परीक्षेला बसल्यासारखा घाम त्याच्या कपाळावर होता. मध्येच तो माशांचं सोडून भलतंच काही सांगायचा.

"शाळा चालत जाण्याएवढी जवळ आहे बरं का. मुलींची वेगळी आहे."

"अच्छा," मी म्हणाले. आता मुलीही झाल्या!

"आणि न्हाणीघर, संडास घरातच. पूर्वी तंबाखू खायचो. सोडली. पुन्हा हात लावला नाही."

मला वाटलं, हा इतकं मोकळं बोलतोय, तर आपणही काही विचारावं. आजवर मला कुणी विचारू दिलं नव्हतं. पोह्यांच्या कार्यक्रमात मुलीनं विचारायचं नसतं.

"तुम्ही रागीट आहात का?" मी विचारलं.

तो विचार करू लागला. खरंच विचार करत होता.

"राग येतो. खोटं कशाला सांगू. आला की मी बाहेर एक चक्कर मारून येतो. पण हात उचलत नाही. कधी उचलला नाही, उचलणार नाही. हे लिहून घ्या."

"लिहून?"

"म्हणजे लक्षात ठेवा."

"आणि घरचे? त्यांना चालणार आहे ना हे सगळं?"

यावर त्यानं चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला.

"माझ्या थोरल्या भावाला पसंत नाही. तुमच्यापासून लपवत नाही. तो म्हणतो, आईबापाविना वाढलेलं माणूस, त्याचं काय सांगावं? रक्त कुठलं, वळण कुठलं."

आलंच ते शेवटी. माशांच्या दुकानातही आलं. मी टाकीच्या काचेकडे पाहत राहिले. पुढचं वाक्य मला पाठ होतं. "आमचं काही नाही हो, पण घरच्या मोठ्यांचं..." असंच पुढे येणार होतं.

"मी त्याला सांगितलं," तो म्हणाला, "वळण रक्तात नसतं, घरात असतं. आणि आईबाप नाहीत हा काय त्या जिवाचा गुन्हा आहे? तुला यायचं तर ये, नाहीतर येऊ नकोस. माझ्या घरात आलेल्या माणसाला हे कुणी ऐकवलेलं मला चालणार नाही."

एकोणतीस वर्षांत माझ्यासाठी असं कुणी बोललं नव्हतं. निदान माझ्यासमोर तरी नाही. समोरच्या टाकीतले सगळे मासे एकमेकांत मिसळून नुसते रंग झाले, तेव्हा डोळे भरल्याचं मला समजलं. मी पदरानं डोळे टिपले. त्याचं लक्ष नव्हतं. तो भाभींना विचारत होता, "गप्पींना पिल्लं होतात म्हणे?"

"पुष्कळ. पण आईच खाऊन टाकते."

"स्वतःची?"

"स्वतःची, दुसऱ्याची. तिला काय आपलं-परकं कळतंय?"

त्याचा चेहरा एकदम उतरला. भाभी हसायला लागल्या. "अहो, मासा आहे तो! दाट झाडं लावा टाकीत. पिल्लं लपतात, वाचतात."

"लपायला जागा पाहिजेच," तो पुटपुटला. मग माझ्याकडे वळला. "एक विचारू? घाबरट मासा घ्यावा का एखादा? की सगळे धीटच बरे?"

प्रश्न विचित्र होता. पण मला त्याचं उत्तर येत होतं. नव्या घरात पहिल्यांदा आल्यावर सगळे आपल्याच तालात मोठ्यानं बोलत असतात, तेव्हा कसं वाटतं ते मला माहीत होतं.

"एखादा घाबरट असू दे," मी म्हणाले. "सगळेच धीट असले की घाबरणाऱ्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकतंय."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "हे मला सुचलंच नसतं," तो म्हणाला. भाभींनी तळाशी फिरणारे दोन मिशाळ मासे काढले. माणूस जवळ आला की ते दगडाआड जात.

माशांच्या पिशव्या फुगवून, रबर लावून झाल्या. दोन त्यानं घेतल्या, एक माझ्या हातात दिली. मी अजूनही घरी जावं की नाही या विचारात होते.

"जा की," भाभी म्हणाल्या. "इथंच तर आहे. ती बिचारी सकाळपासून डोळे लावून बसलीय."

"तीन वेळा फरशी पुसली तिनं," तो म्हणाला. "फार घाबरलीय. तुम्ही एकदा बोललात की बरं वाटेल तिला."

आई असणार. सुनेच्या भेटीला घाबरणारी सासू! मी आजवर अशा सासवा पाहिल्या होत्या की ज्यांच्यापुढे घाबरायची ती मीच. ही कोण माउली असेल, असं म्हणत मी माशांची पिशवी सांभाळत त्याच्यामागून चालू लागले. खरं सांगायचं तर त्या बोळातून जाताना मी खुशीत होते. मनातल्या मनात मी त्याला होकार देऊन टाकला होता.

दार उघडंच होतं. आतून माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल अशी एक बाई लगबगीनं बाहेर आली. गळ्यात मंगळसूत्र. तिनं मला वाकून नमस्कार केला.

"ही माझी बायको, हेमलता," तो म्हणाला.

पिशवी माझ्या हातून पडली कशी नाही, कोण जाणे. मी नुसती त्या दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिले. बायको असताना दुसरी बघायला निघाला हा माणूस? आणि तिनं त्यासाठी फरशी पुसली? दुकानात भरलेले डोळे आता दुसऱ्याच कारणानं चुरचुरायला लागले.

"बसा ना मॅडम," ती म्हणाली. "पाणी आणते. का आधी घर बघता?"

मी बसले नाही. माझी नजर आतल्या खोलीत गेली. भिंतीला लागून एक छोटी खाट होती, तिच्यावर नवी कोरी चादर. चादरीवर एक पिवळा फ्रॉक नीट पसरून ठेवला होता, चारेक वर्षांच्या मुलीला होईल एवढा. आणि इकडे बाहेरच्या खोलीत, टेबलावर पाण्यानं भरलेली, मासे नसलेली टाकी.

"माप अंदाजानं घेतलंय," हेमलता म्हणाली. "संस्थेत भेटायला गेलो तेव्हा दीपाली उभीच राहिली नाही आमच्यापुढे. ऑफिसातल्या माशांच्या टाकीला नाक लावून बसली होती. आमच्याकडे तिनं एकदाही बघितलं नाही. म्हणून ह्यांनी ही टाकी..."

ती बोलत होती आणि मला सकाळपासूनचं एकेक वाक्य आता वेगळंच ऐकू येत होतं. शाळा. नवीन माणूस. आईबापाविना वाढलेलं माणूस. लाल आवडेल की निळा. त्यातलं एकही माझ्याबद्दल नव्हतं.

"ताई," मी म्हणाले, "मी संस्थेची नाही."

हेमलतानं नवऱ्याकडे पाहिलं.

"मग?" त्यानं विचारलं.

"मला... मला त्या दुकानात एक स्थळ भेटणार होतं. आकाशी शर्ट, चष्मा. मला वाटलं, तुम्हीच."

तो पांढराफटक पडला. पिशव्या तशाच हातात धरून तो मटकन खुर्चीवर बसला. "अरे देवा," तो म्हणाला. "मी तुम्हाला घरी... मी काय काय बोललो! संस्थेनं फक्त कळवलं होतं की दत्तकासाठी घर बघायला नवीन मॅडम येतील. माफ करा हो."

आणि हेमलता हसायला लागली. आधी तिनं पदर तोंडाला लावला, पण हसू आवरेना. ती भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "ह्यांना बघायला आलात!" ती म्हणाली. "अहो, मला विचारायचं तरी!" तिचं हसू बघून शेवटी मलाही हसू फुटलं. आत कुठंतरी दुखत होतं, तरी फुटलं.

हसणं संपल्यावर तिनं मला हाताला धरून खाटेवर बसवलं. नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही मासे सोडा जा." आणि मग एकदम गंभीर झाली.

"तुम्ही त्या मॅडम नाही, हे बरंच झालं. त्यांना हे विचारता आलं नसतं. मला ना, भीती वाटते. ह्यांना त्या पोरीबद्दल माया आलीय. मला अजून नाही आली. येईल येईल म्हणून वाट बघतेय. नाहीच आली तर? त्या पोरीला कळेल ना?"

मला वाटलं, आता काहीतरी चांगलं बोलून उठावं. पण तिनं खरा प्रश्न विचारला होता.

"मी मामींकडे वाढले," मी सांगितलं. "सहा वर्षांची होते."

तिनं माझा हात घट्ट धरला. "मग त्यांना माया होती?"

"माहीत नाही," मी म्हणाले, आणि मला स्वतःचंच आश्चर्य वाटलं. इतक्या वर्षांत मी हे स्वतःला विचारलंच नव्हतं. "सुरुवातीला ती मला कधीच रागवायची नाही. स्वतःच्या मुलांना पाठीत धपाटे, मला मात्र गोड बोलायची. पाहुण्यांशी बोलतात तसं. मी रोज रात्री अंथरूण ओलं करायची, तरी ती गोडच बोलायची. मला वाटायचं, पाहुणे शेवटी घरी परत जातात. मग एकदा मी रॉकेलचा डबा सांडला. सगळं स्वयंपाकघर रॉकेल. तिनं मला असा धपाटा घातला की मी भिंतीवर आपटले. 'आंधळी आहेस का?' म्हणून ओरडली. तेव्हापासून माझं अंथरूण ओलं व्हायचं थांबलं."

हेमलता माझ्याकडे बघत होती. "म्हणजे मारायचं?"

"नाही हो! एवढंच म्हणते, गोड वागायची सक्ती करू नका स्वतःवर. तुम्हाला वैताग आला तर येऊ दे. तिलाही तुमचा येईल. माया त्याच्या आधी येते की नंतर, ते मला नाही सांगता येणार."

तिनं चादरीवरचा फ्रॉक उचलून मांडीवर घेतला. बाहेरच्या खोलीतून तो म्हणाला, "मिशाळ सोडले की लगेच दगडामागे गेले बघ."

तेवढ्यात दारात मुलाणीभाभींचा आवाज आला. "अहो कोष्टीभाऊ, घोटाळा झाला! ह्या खऱ्या मॅडम." त्यांच्यामागे फाइल घेतलेल्या, केस पिकलेल्या एक बाई होत्या. त्या बाईंच्या मागे आकाशी शर्टातला, चष्मा लावलेला एक तरुण माणूस दम लागलेला उभा होता. "आणि हे म्हणतात, ह्यांना दुकानात कुणी मुलगी भेटणार होती. स्कूटर बंद पडली म्हणे वाटेत."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "ह्या कोण?"

मी उठले. हेमलता पुढे झाली आणि म्हणाली, "ह्या आमच्या घरच्याच आहेत. निघाल्या होत्या."

तो तरुण, यशवंत सावर्डेकर, माझ्याबरोबर बस स्टँडपर्यंत चालत आला. वाईट माणूस नव्हता. झाला प्रकार ऐकून तो मोकळेपणानं हसला. उशीर झाल्याबद्दल दोन वेळा माफी मागितली. माशांबद्दल त्याला खूप माहिती होती. रसवंतीगृहात बसून त्यानं मला उसाचा रस पाजला. मग ग्लास बाजूला सरकवत म्हणाला, "आमच्याकडे तुमच्याबद्दल सगळं पसंत आहे. एकच बारीकशी गोष्ट. लग्नपत्रिकेत तुमच्या वडिलांच्या नावामागे कैलासवासी लावू."

"ते जिवंत आहेत," मी म्हणाले. "कराडला असतात."

"माहीत आहे. पण कोण बघायला जातंय? चारचौघांत प्रश्न येत नाहीत मग. तुमच्या मामांनाही विचारलंय. त्यांची हरकत नाही."

एरवी मी हो म्हणाले असते. अगदी सकाळपर्यंत म्हणाले असते. वडिलांबद्दल मला काही प्रेम उरलं नव्हतं, आणि पत्रिका लोक एकदा वाचून टाकून देतात. पण तासाभरापूर्वी मी एका माणसाला बोलताना ऐकलं होतं. ते माझ्यासाठी नव्हतं, एका चार वर्षांच्या मुलीसाठी होतं. तरी ते माझ्या कानांवर पडलं होतं, आणि आता ते न ऐकल्यासारखं करता येत नव्हतं.

"मला नाही जमायचं," मी म्हणाले.

"एवढ्याशा गोष्टीवरून?"

"हो."

त्याला काही समजलं नाही. नीट सांगायला मलाही जमलं नाही. तो मला बसमध्ये बसवून गेला, एवढं मात्र खरं.

दीपाली त्या उन्हाळ्यात कोष्टींच्या घरी आली. पुढची कितीतरी वर्षं मी मिरजेला गेले की तिथे चहा प्यायची. हेमलता तिच्यावर ओरडायची आणि ती हेमलतावर. दोघींचा आवाज बोळाच्या तोंडापर्यंत यायचा. माझं लग्नही पुढे झालं, एका छापखान्यात काम करणाऱ्या माणसाशी. पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी मी घरी आले ती मामी आता काय म्हणेल या धास्तीनं. हे स्थळ हातचं जाऊ नये म्हणून तिनं सोमवार धरले होते.

मामी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात मेथी निवडत बसली होती. मामा झोपाळ्यावर पेपर वाचत होते.

"काय झालं?" मामीनं विचारलं.

"मी नाही म्हणाले."

मामीचा हात थांबला. "काय म्हणून?"

मी तिला कैलासवासीचं सांगितलं. दुसरं काही सांगायला मला धीर झाला नाही. मामीनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग मामांकडे.

"तुम्ही हो म्हणालात त्याला?"

मामांनी पेपर खाली केला. "अगं, त्यात काय एवढं? तो माणूस तसाही आपल्याला मेल्यासारखाच. पोरीचं भलं होत असेल तर..."

"आज बाप मेला म्हणून छापतील. उद्या म्हणतील, मामाकडे वाढली हेही सांगू नका. मग आम्ही दोघांनी काय करायचं? आम्हीपण मरायचं का त्यांच्या पत्रिकेसाठी?"

"ओरडू नकोस. मी कळवतो त्यांना."

"आत्ताच्या आत्ता कळवा."

मामा उठले. फोन शेजारच्या वाण्याकडे होता. त्यांनी सदरा चढवला आणि दाराकडे गेले. मी कोपऱ्यात उभी होते. मामी माझ्यावर चिडलीय की मामांवर, हे मला अजून उमगत नव्हतं.

"आणि ऐका," मामीनं मागून हाक मारली. "फोनवर बोलताना भाची म्हणू नका."

मामा वळले. "मग काय म्हणू?"

मामीनं ओच्यातली मेथीची देठं झटकली, उठली, आणि मामांच्या आधी चपला घालून वाण्याच्या दुकानाकडे चालू लागली.